गळतंय कुठून

निवडणुकीचा जाहीरनामा हातात पडला की लोक तो चाळतात, नाहीतर त्यात भजी बांधून नेतात. उस्मानचाचा तो उन्हाकडं धरून आरपार बघतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, अक्षर बारीक असेल, चष्मा घरी राहिला असेल. चाचा म्हणाले, "अक्षर नंतर. आधी कुठून उजेड येतोय का बघू दे." उजेड येत नव्हता. कागद चांगला जाड आणि गुळगुळीत होता. त्यांनी त्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कागूद पक्का हाय. आता वाच."

ही सवय पत्र्यामुळं लागलेली. पत्रा उन्हात धरला की सुईएवढी गळतीसुद्धा चांदणीसारखी दिसते. पण पुढं ते कशालाही उन्हात धरायला लागले. नोट, छत्री, रेशनचं पोतं. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटोही त्यांनी दुकानाबाहेर जाऊन उन्हात धरला. मुलगा चांगला निघाला, हे इथं प्रामाणिकपणानं सांगितलं पाहिजे.

शेख उस्मान शेख चाँद हे त्यांचं पूर्ण नाव. वडवणीत बाजारतळाच्या अलीकडं त्यांचं वेल्डिंगचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. भिंत एकच. त्यांनी वेल्डिंगची कांडी टेकवली की माझ्या मशीनचा दिवा मंद होतो. तालुक्यातले निम्मे सातबारे फिकट आहेत, त्याला कारण उस्मानचाचा. लोक माझ्या नावानं ओरडतात. मी भिंतीकडं बोट दाखवतो.

आमच्याकडं पाऊस नसला की दोन धंदे जोरात चालतात. पाण्याचे टँकर फिरवायचा आणि फिरणाऱ्या टँकरची गळती बुजवायचा. पहिला धंदा कुणाला मिळतो हे मुंबईत ठरतं. दुसरा चाचांचा होता. नेकनूरकडचे ड्रायव्हरसुद्धा वाकडी वाट करून त्यांच्याकडं यायचे. टाकीवर हातोडीची टिचकी मारून ते कान लावायचे, खडूनं गोल काढायचे आणि म्हणायचे, "गळतंय कुठून, हे कळालं म्हंजी काम निम्मं झालं. राहिलेलं निम्मं तर कुणीबी करतंय." काम झालं की त्यांची हमी ठरलेली असे, "परत गळालं तर थेंब न् थेंब मी पितो." वीस वर्षांत त्यांना एक घोटही प्यावा लागला नव्हता. स्वतःचं कौतुक त्यांना आवडायचं नाही. हातानं मारलेल्या वेल्डिंगच्या टाक्याचं मात्र आवडायचं.

तर त्या वर्षी एका पक्षानं जाहीर केलं की तीन वर्षांत सरकारची तूट शून्यावर आणू. नवा कर नाही, कुणाचं अनुदान बंद नाही, कुणाच्या ताटातला घास काढणार नाही. फक्त गळती थांबवू.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. चाचा चहाच्या रिकाम्या ग्लासात बघत बसले होते. म्हणाले, "कोणता शबुद म्हनला?"

"गळती."

"त्याच्या आधीचा."

"फक्त."

"फक्त," चाचा म्हणाले. "फक्त गळती थांबवनार. पापड लाटायचाय का काय त्येन्ला?"

मग अर्धा तास त्यांनी मला गळतीचे प्रकार समजावून सांगितले. एक सांध्यातली. ती टाकी बनवणाऱ्याची चूक. दुसरी गंजाची. ती वापरणाऱ्याची चूक. "आन् तिसरी गळती गळतीच न्हाई. तिथं कुणीतरी नळ बसवलेला आसतोय. आपुन म्हनतो गळतंय, तो म्हनतो माझं पानी हाय. तो नळ बंद कर, दुसऱ्या दिवशी मानूस दारात भांडायला येतोय. सरकारची गळती तिसऱ्या जातीची हाय, दिगंबर. वेल्डिंग करून बंद हुत न्हाई ती. ज्याचा नळ हाय त्याच्या दारात जावं लागतंय. ह्येंच्यातला कोन जानार हाय?"

मी जाहीरनामा उलटून मागं उमेदवाराचं नाव वाचलं.

त्या पक्षाचे आमच्याकडचे उमेदवार म्हणजे चेअरमनसाहेब. एका सहकारी साखर कारखान्याचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. तो कारखाना आता बंद आहे. चाचांनी ऐन उमेदीची अठरा वर्षं तिथं वाफेचे पाइप जोडले. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी सांगितलं जायचं की यंदा तोटा भरून निघतो. ठराव वाचायला सुरुवात झाली की पुढच्या रांगेतली माणसं "मंजूर, मंजूर" म्हणायची. एका वर्षी चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "आजून वाचलंच न्हाई, मंजूर काय केलं?" पुढची रांग म्हणाली, "मंजूर." शेवटच्या हंगामात चिमणीतून धूर निघाला नाही. चाचा घरी आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. चेअरमनसाहेबांबद्दल ते वाईट बोलत नसत. "मानूस गोड हाय," एवढंच म्हणायचे. "साखरंपरीस जास्त गोडी त्याच्यातच हुती."

बाजारच्या दिवशी सभा झाली. भाषण कमी आणि लोकांशी संवाद जास्त, अशी तेव्हा नवी पद्धत आली होती. चेअरमनसाहेबांनी तूट म्हणजे काय ते समजावलं, मग माइक खाली पाठवला आणि म्हणाले, विचारा. कुणी विचारेना. चाचांनी हात वर केला. मी त्यांचा सदरा मागून ओढला, पण तोवर उशीर झाला होता.

"साहेब, गळती थांबवनार म्हनलात. गळतंय कुठून, त्ये सापडलं का?"

साहेब हसले. "चाचा, एक जागा असती तर सांगितली असती. आधीच्या लोकांनी राज्याची चाळणी करून ठेवलीय."

"चाळनी झाली आसंल तर वेल्डिंग चालत न्हाई. नवा पत्रा लागतोय. पत्र्याला पैसा लागतोय. मंग तूट वाढंल."

लोक हसले. चाचा हसले नाहीत, कारण ते विनोद करत नव्हते. ते गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज देत होते. "दुसरं म्हंजी," ते म्हणाले, "भरल्या टाकीला वेल्डिंग हुत न्हाई. आधी टाकी रिकामी करावी लागती. तुमी कोणती टाकी रिकामी करनार? त्या टाकीवर कोन पानी पितंय, त्येला इचारलं का?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि टाळ्यांचं वाक्य म्हटलं. "चाचांसारख्या अनुभवी माणसांची आम्हाला गरज आहे. सरकार आलं की चाचांना सल्लागार म्हणून बोलावू." टाळ्या पडल्या.

सरकार आलं. साहेब निवडून आले. आणि विश्वास बसणार नाही, पण महिनाभर चाचांच्या दुकानात खिळ्याला एक इस्त्रीचा पांढरा सदरा टांगलेला होता. मी विचारलं, "चाचा, तुमचा तर ह्यांच्यावर भरवसा नाही ना?"

"न्हाई."

"मग सदरा कशाला?"

"बोलावलं तर? मळक्या कपड्यात जायाचं का?"

बोलावलं नाही. सदऱ्यावर धुरळा बसला. एक दिवस त्यांनी त्यानं हात पुसले.

पाऊस गेलेलाच होता. पौषात टँकर सुरू झाले आणि त्याच सुमारास काटकसरीचं पहिलं परिपत्रक आलं. कसं कळलं, तर त्याच्या झेरॉक्स माझ्याकडं निघाल्या. फिकट निघाल्या, पण वाचता येत होत्या. ज्या वस्तीत ठरलेल्या संख्येपेक्षा कमी माणसं हजर असतील, तिथल्या टँकरच्या खेपा कमी करायच्या. त्यासाठी घरोघर मोजणी करायची.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. ते उठले, बाहेर गेले आणि कागद उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"कोणत्या महिन्यात मोजनार?" त्यांनी विचारलं.

"आताच."

"आता ऊसतोडीला गेलेत लोक."

आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर वस्त्यांवर कुलपं लागतात. नवरा-बायकोची जोडी तोडीला जाते. त्या जोडीलाच आमच्याकडं एक कोयता म्हणतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. म्हणजे ज्या महिन्यांत वस्तीवर कुणी नसतं नेमक्या त्याच महिन्यांत तिथं किती माणसं राहतात हे सरकार मोजणार होतं. ह्यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. ज्यानं कागद लिहिला त्याच्या घराला कधी कुलूप लागलं नसेल, एवढंच.

डोंगराच्या कडेला माळवस्ती म्हणून एक वस्ती आहे. तिथं टँकर नेणारा गहिनीनाथ ड्रायव्हर चाचांचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं सांगितलं की उद्या मोजणीवाल्या मॅडम येणार आहेत. दुसऱ्या दिवशी चाचांनी दुकान बंद केलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. "चल," म्हणाले. "गेलतास कधी तिकडं?" मी कधीच गेलो नव्हतो.

मॅडम तरुण होत्या. उन्हात रुमाल बांधून घरोघर फिरत होत्या. पहिल्या घराला कुलूप. त्यांनी वहीत शून्य लिहिलं. चाचा शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हितं पाच जन हायत. बाबासाहेब, त्याची बायको, दोन लेकी आन् एक तान्हं."

मॅडमनी कुलपाकडं बघितलं, मग चाचांकडं. "तुम्ही इथले?"

"न्हाई. वडवणीचा. ह्येंचे कोयते माझ्याकडं धारंला येतेत. दसऱ्यानंतर समदी रांग लागती. कोन जातंय, कुनाला कुनासंगं धाडलंय, कुनाची बायको बाळंत व्हायचीय, मला समदं म्हाईत आसतंय. म्होरच्या घरात चार."

असं ते घरामागून घर सांगत गेले. कुठंही अडखळले नाहीत. कुलपासमोर उभं राहून माणसांची नावं घ्यायची, म्हाताऱ्यांनी मागून "व्हय, व्हय" म्हणायचं. मॅडम ऐकून घेत होत्या. घाईही करत नव्हत्या आणि लिहीतही नव्हत्या. शेवटच्या घरापाशी त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला दिसतंय. पण रकाना 'हजर' असा आहे. 'आहेत' असा रकानाच नाही."

"मंग एक रकाना वाढवा."

"तेवढा अधिकार असता तर कालच वाढवला असता."

त्यांनी वहीच्या कोपऱ्यात शेरा म्हणून काहीतरी लिहिलं. तो शेरा कुणी वाचला असेल असं वाटत नाही. पंधरा दिवसांत माळवस्तीची रोजची खेप बंद होऊन आठवड्यातून दोनदा झाली. वर्तमानपत्रात आलं की जिल्ह्यात टँकरच्या खर्चात चांगली बचत झाली. साहेबांचा फोटो होता. चाचांनी तो उन्हात धरला नाही. घडी घालून ग्लासाखाली ठेवला.

ह्यानंतर चाचांचा हात बिघडला.

म्हणजे गावात तसं बोलायला लागले. गहिनीनाथाची टाकी त्यांनी बुजवली आणि चार दिवसांत ती परत गळायला लागली. परत आणली, परत बुजवली. पुढच्या आठवड्यात तेच. गहिनीनाथ बाजारात चहा पिता पिता सांगायचा, "म्हाताऱ्याला आता दिसत न्हाई. दर आठवड्याला गाडी आडकून पडती." ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. नेकनूरकडचे ड्रायव्हर येईनासे झाले. बसस्थानकापलीकडं एका पोरानं नवं दुकान टाकलं होतं, तिकडं गाड्यांची रांग लागायला लागली. माझ्या झेरॉक्स मात्र गडद निघू लागल्या. लोक माझं कौतुक करत होते आणि मला ते गोड लागत नव्हतं.

एकदा तर एका ड्रायव्हरनं तोंडावर विचारलं, "काय चाचा, थेंब न् थेंब पिता का न्हाई आता?" दुकानातले चौघे हसले. चाचा कांडी होल्डरमध्ये लावत होते. म्हणाले, "पितो की." आणि तोंडावर काच ओढली.

मी बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चौकशी केली, दिवस ठरवला. चाचा म्हणाले, येतो. ठरलेल्या दिवशी म्हणाले, पुढच्या गुरुवारी. मी म्हणालो, "चाचा, गुरुवारी गहिनीनाथाची गाडी असते तुमच्याकडं. दर गुरुवारी."

"आसंल."

गुरुवारी दुपारी टँकर आला. भिंतीपलीकडं लागला. मी माझ्या मशीनवर एक जाडजूड फाईल काढत बसलो होतो. शंभरेक पानं निघाली असतील. दिवा एकदाही मंद झाला नाही. कांडी टेकलीच नव्हती. पण चाचांच्या मागच्या अंगणातली मोटर चालू होती.

मी उठून मागं गेलो. अंगणात चाचांचा सिमेंटचा हौद आहे. त्यांचा बोअर तासभर चालतो आणि मग धाप टाकतो. दिवसाला तासभर, असं आठवडाभराचं पाणी त्या हौदात साठवलेलं. मोटर ते उपसत होती आणि पाइप टँकरच्या टाकीत सोडलेला होता. गहिनीनाथ सावलीत बसून गाडीच्या वहीत लिहीत होता. मी डोकावलं. 'गळती दुरुस्ती व टेस्टिंग.'

"हे काय?" मी विचारलं.

"टेस्टिंग," चाचा म्हणाले. "टाका मारल्यावर टाकी पान्यानं भरून बघावी लागती. गळतंय का न्हाई, कळायला नको?"

"टाका कुठं मारलाय?"

चाचांनी टाकीकडं बघितलं. जुना टाका होता, पक्का, कोरडा ठणठणीत. "आपुन तसं म्हनायचं," ते म्हणाले.

"आणि टेस्टिंग झाल्यावर हे पाणी?"

"वतून द्यावं लागतंय कुठंतरी. भरली टाकी घेऊन गहिनीनाथ काय करंल?" मग थोडं थांबून म्हणाले, "माळवस्तीकडं उतार चांगला हाय."

गहिनीनाथ वहीतून मान वर न करता म्हणाला, "दिगूभाऊ, बाजारात मी त्येन्ला काय काय बोलतो, त्ये त्येन्नीच बोलायला लावलंय. टाका पक्का हाय म्हनलं तर गाडी हितं थांबवायची कशी?"

डिझेलचं काय करता, हे मी विचारलं नाही. चाचांच्या अंगावरचा सदरा दोन दिवसांचा होता, हे मला तेव्हा दिसलं. गेल्या दोन महिन्यांत ते अंघोळीला किती पाणी घेत होते कुणास ठाऊक.

मी दुकान ओढून घेतलं आणि टँकरच्या केबिनमध्ये चढलो.

माळवस्तीवर आमची वाट बघत घागरी आधीच रांगेला लावलेल्या होत्या. टँकर दिसताच एक आजोबा आत वळून ओरडले, "टेस्टिंग आली, टेस्टिंग आली." त्या पाण्याचं नावच तिथं तसं पडलं होतं. सरकारी खेपेचं पाणी ते पाणी आणि गुरुवारचं ते टेस्टिंग. सुंदराबाई म्हणून एक म्हातारी मला म्हणाली, "टेस्टिंगला चव हाय बाबा. त्या दुसऱ्याला औषधाचा वास येतोय."

पाइप सुटला, घागरी भरल्या, शेळ्यांच्या घमेल्यात पाणी पडलं. चाचा कुठंच पुढं नव्हते. ते एका कुलूपबंद घराच्या ओट्यावर जाऊन बसले होते आणि सुंदराबाई त्यांना कोऱ्या चहाचा कप देऊन समोर बसली होती. सुनेचा फोन आला नाही, नातवाला तिकडं खोकला झालाय, शेळी दूध देत नाही, असं तिचं चाललेलं. वडवणीत सरकारपासून सावकारापर्यंत कुणालाही गप्प न बसू देणारा माणूस तासभर एक शब्द न बोलता ऐकत होता. मधूनच मान हलवत होता. तिनं दुसरा कप दिला. तोही घेतला.

परतताना गाडी रिकामी होती, म्हणून खडखडत होती. चाचा खिडकीशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दोन कप घेतलेत. दुकानात तर तुम्ही सकाळी एकच मागवता."

"तो हाटेलातला," ते म्हणाले.

"घरी करत नाही?"

त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"तुझी जुबेदाचाची गेल्यापासून एका मानसाचा अंदाज येत न्हाई," ते म्हणाले. "कितीबी मोजून पानी टाकलं तरी दीड कप हुतो. मंग तो आर्धा कप तिथं समोर ऱ्हातोय. नको वाटतंय बघायला."

गहिनीनाथानं गाडी वळणावर हळू घेतली. मी त्यांना सांगितलं की माझी बायको संध्याकाळी तसाही चहा टाकते, उद्यापासून आमच्याकडंच या. वडवणी येईपर्यंत त्यांनी एवढंच विचारलं की घरात साखर किती टाकतात.